दाब कमी असण्याचं कारण

मशीन पुन्हा थांबलं तेव्हा अक्षता भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर धावली. खिडकीपाशी आरामखुर्चीत तिचे वडील, अप्पा, डावा हात उशीवर टाकून बसले होते. हातात दोन सुया, सुयांना दोन नळ्या, आणि त्या नळ्या ज्या मशीनमध्ये जायच्या त्या प्रवासी बॅगेएवढ्या मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरं: ‘पाणी अपुरे. उपचार थांबवला आहे.’

“झालं की,” अप्पा म्हणाले. “काढ सुया.”

“झालं कुठं? अर्धंसुद्धा नाही झालं!” अक्षताने मशीनवर थाप मारली. पिठाचा पंजा उमटला. “काय धाड भरलीय मेल्याला?”

“चिडायलीस कशाला? मशीनच ते.”

पण अक्षता हत्तुरे चिडायची. कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना ती खडू फेकून मारायची, आणि तिचा नेम चांगला होता. रिक्षावाल्यांवर चिडायची, सरकारवर चिडायची, सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदारावर तर हटकून. अप्पा मात्र उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवून बोलले नव्हते. त्यांनी सोलापुरात जकार्ड मागावर चादरी विणण्यात आयुष्य घालवलं. मागाच्या खडखडाटात ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून आपण ओरडायचंच सोडलं, असं ते म्हणायचे.

अप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यांचं रक्त दिवसाआड धुवावं लागे. पूर्वी याच कामासाठी माणसं दवाखान्यात खेटे घालून अर्धी व्हायची. आता ते घरात होऊ लागलं होतं, आणि त्याला कारण एक पातळ पडदा. आपल्या शरीरातल्या पेशींच्या भिंतींत पाण्यासाठी अतिसूक्ष्म दारं असतात. त्यांतून पाणी जातं, मीठ जात नाही. शास्त्रज्ञांनी तशी दारं प्रयोगशाळेत तयार केली आणि आरओच्या पडद्यात बसवली. जुन्या आरओला पाणी ढकलायला पंप लागायचा. हा नवा पडदा नळाच्या साध्या दाबावर चाले, आणि पाणी इतकं निर्मळ देई की डायलिसिसला तेच वापरता येई. ओट्याखालचा आरओ आणि हॉलमधलं मशीन यांच्यामध्ये एक बारीक पांढरी नळी होती. त्या नळीतून येणाऱ्या धारेवर अप्पांचा जीव होता.

आणि ती धार महिनाभर आटत चालली होती.

डॉक्टर महिंद्रकरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं. “मॅडम, रक्तातलं पोटॅशियम चढायला लागलंय. असं अर्धवट धुणं चालत राहिलं तर एखाद्या दिवशी हृदय बंद पडेल, तेही न सांगता. पाण्याचं बघा आधी.”

“बघतेय, डॉक्टर!” अक्षता त्यांच्यावरही खेकसली आणि पाना घेऊन ओट्याखाली शिरली.

तिने रीतसर सुरुवात केली. आधी गाळ अडवणारी कांडी काढली. ती गाळाने गच्च झाली की पुढे पाणीच सरकत नाही. कांडी जेमतेम पिवळी पडली होती, तरी तिने बदलली. कोळशाची बदलली. मग साठवणीची टाकी. या टाकीच्या पोटात रबरी फुगा असतो, त्याच्या एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला पाणी. हवाच पाण्याला बाहेर लोटते. हवा निघून गेली तर टाकी भरलेली असूनही नळाला करंगळीएवढी धार येते. अक्षताने सायकलचा पंप लावून हवा तपासली. हवा ठीक होती. तिने सगळं परत जोडलं, नळ सोडला, आणि करंगळीएवढीच धार आली.

म्हणजे खोट घरात नाही, असं तिने ठरवून टाकलं. मग ती समदाबचीच असणार.

समदाब हे प्रकरण सोसायटीत नवं होतं. त्याआधी पाणी यायची वेळ झाली की भांडणाचीही वेळ व्हायची. ज्याला त्याला वाटे की मधल्या कुणीतरी चोरून नळाला मोटर लावलीय. ते खरंच असे, कारण सगळ्यांनीच लावलेली असे. समदाब कंपनीने मोटरी काढायला लावल्या, गच्चीवरची टाकी पाडली आणि प्रत्येक घराच्या नळावर एक शहाणी झडप बसवली. सगळ्या झडपा एकमेकींशी बोलायच्या आणि दाब वाटून घ्यायच्या. एका घराने जास्त ओढलं की दुसऱ्यांना थोडं कमी. आणि कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून कंपनीने पारदर्शकता नावाची सोय दिली. दाब उतरला की घराघरातला मोबाईल बाईच्या गोड आवाजात सांगायचा: ‘आपला दाब कमी झाला आहे. कारण: हत्तुरे, तिसरा मजला.’

भांडणं त्याने मिटली नाहीत. कुणाशी भांडायचं हे शोधावं लागेना, एवढीच काय ती सोय झाली.

अक्षताने कंपनीला फोन लावला. तोच गोड आवाज.

“नमस्कार, मी समदाबची सहायिका. आपल्या झडपेवरचा दाब योग्य आहे.”

“योग्य आहे तर मशीनला पाणी का मिळत नाही?”

“आपली चीड मला समजते.”

“तुला डोंबल समजतंय! माणूस दे बोलायला.”

“या वर्षी सोसायटीत सर्वाधिक पाणी घेणारं कुटुंब आपलं आहे. पाणी वाचवण्याचे काही सोपे उपाय ऐकायला आवडतील का?”

अक्षताने फोन सोफ्यावर आपटला. तो उसळून अप्पांच्या पायाशी पडला. अप्पांनी तो वाकून उचलला, पुसला आणि शांतपणे टेबलावर ठेवला. वाकताना त्यांना दम लागला, पायांवर सूज दिसत होती. ते बघून तिचा राग आणखी भडकला. घराबाहेर कुणावर तरी तो काढायलाच हवा होता, म्हणून ती तरातरा जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर गेली आणि पुष्पाक्काची बेल धरून ठेवली.

पुष्पाक्का खालच्या घरात एकटी राहायची. गुडघे गेलेले, पण तोंडावर कायम हसू.

“पुष्पाक्का, खरं सांगा. तुम्ही परत मोटर लावलीय ना?”

पुष्पाक्काचं हसू गेलं. “मी? मोटर?”

“मग आमचं पाणी जातंय कुठं? अप्पा मरायला टेकलेत वर!”

“ये. आत ये, बघ,” पुष्पाक्का म्हणाली, आणि तिने अक्षताला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. शॉवर नुसता ठिबकत होता. खाली बादली, तीही अर्धी. “तुमच्याकडं मशीन लागलं की माझ्याकडं असं होतंय. मी बोलले काय कधी? बादली भरून ठेवते नि घेते आंघोळ. बोलतंय ते मोबाईल बोलतंय, मी नाही.”

“माझा म्हणायचा अर्थ तसा नव्हता,” अक्षता पुटपुटली. तो तसाच होता.

“संध्याकाळी मामा, तुझे अप्पा, बाकड्यावर यायचे ना खाली,” पुष्पाक्का म्हणाली, “तवा काय व्हायचं माहीताय? वर तुमची आरओची टाकी भरायला लागली की बसलेल्या समद्यांचे मोबाईल एकदम सुरू. कारण हत्तुरे, कारण हत्तुरे. कुणी काय बोलायचं नाही. नुसतं मामांकडं बघायचे. मी माझा बंद करायचे पटकन, पण बाकीच्यांचं काय करू? मग मामा यायचेच बंद झाले.”

अप्पांनी तिला सांगितलं होतं की जिना झेपत नाही.

ती वर आली ती दुप्पट चिडून. आता राग नेमका कुणावर हेही तिला कळत नव्हतं. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेला दाबमापक आरओच्या पडद्याच्या अलीकडे जोडला. काटा खाली असणार, मग तो फोटो कंपनीच्या तोंडावर मारायचा, असा बेत होता. काटा वर गेला. जितका असायला हवा त्याच्याही वर.

अक्षता फरशीवर बसूनच राहिली. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर तिने त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. दाब कमी नव्हताच. पाणी येत होतं आणि पडद्यापाशी तुंबत होतं.

आरओचं तत्त्व सोपं आहे. पडद्यातून शुद्ध पाणी पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे राहतं. ते मीठ वाहून न्यायला थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. ते खारं पाणी काळ्या नळीने बाहेर पडतं. डायलिसिसला पाणी फारच निर्मळ लागतं, म्हणून तिथे असं पाणी जास्त सोडावं लागतं. ही काळी नळी बंद झाली तर मीठ पडद्याला चिकटून साचत जातं, आणि मिठाचा गुण असा की ते पाण्याला स्वतःकडे धरून ठेवतं. मग नळाने कितीही जोर लावला तरी पाणी पलीकडे जायला राजी होत नाही.

तिच्या घरात ती काळी नळी एका बादलीत सोडलेली असे, आणि ते पाणी फरशी पुसायला वापरत. ती बादली भरून वाहिल्याचं तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. बादलीचं काम अप्पा करायचे. तेवढं तरी करू दे मला, असं त्यांनीच मागून घेतलं होतं.

अक्षताने आरओची पेटी भिंतीपासून ओढली. मागे काळी नळी दुमडलेली होती आणि दुमडीवर पांढरं सूत गुंडाळलं होतं. सुताला गाठ मारली होती. लहान, चपटी, बोटाला जेमतेम लागेल अशी. मागावर धागा तुटला की विणकर मारतो ती गाठ, जी चादरीत दिसत नाही आणि कितीही ओढली तरी सुटत नाही. साऱ्या सोसायटीत ती गाठ मारता येणारा माणूस एकच होता.

ती बाहेर आली. तिचा आवाज इतका हळू निघाला की तिलाच परका वाटला.

“अप्पा, नळी तुम्ही बांधलीत?”

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. “पुरी नाही बांधली. थोडी सोडलीय.”

“का?”

“बादल्यांवर बादल्या गटारात जायच्या, अक्षू. किती म्हणून फरशी पुसायची? खाली ती पुष्पा गुडघे धरून बादली उचलतीय, नि आपण गटारात सोडायलोय. एका म्हाताऱ्यापायी. मला वाटलं, थोडं कमी वाया गेलं म्हणजे आपलं नाव येणार नाही.”

“त्याने मशीन थांबतंय हे माहीत होतं तुम्हाला?”

“पहिल्यांदा नव्हतं माहीत.”

“आणि मग?”

“मग कळलं. राहू दिलं तसंच.”

अक्षताला वाटलं होतं की ती ओरडेल. ती ओरडलीच.

“राहू दिलं? मी त्या ओट्याखाली रोज सरपटत होते, आणि तुम्ही इथं बसून बघत होता? कांड्या बदलल्या. कंपनीला शिव्या घातल्या. पुष्पाक्काला आत्ता चोर म्हणून आले तिच्या दारात जाऊन! आणि तुम्ही मला न सांगता मरायला निघालात? एवढं कसलं ओझं झालं होतं तुम्हाला माझं? का तुमचं ओझं माझ्यावर झालं होतं?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? सांगा कसं!”

“माझं नाव कुणी वाईटानं घेतलं नव्हतं कधी,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आताही चढला नव्हता. “मालकानं नाही, कामगारांनी नाही. तुझ्या आईनंसुद्धा नाही. आता घराघरात घेतात. गोड आवाजात घेतात. ते ऐकून जगायचं म्हणजे कसं जगायचं, तूच सांग.”

अक्षता रडली, आणि आपण रडतोय याचाही तिला संताप आला. मग ती आत गेली, कात्रीने ते सूत कापलं आणि नळी सरळ केली. खारं पाणी धो धो बादलीत पडायला लागलं. पडदा धुऊन निघायला दिवस गेला, पण पुढच्या खेपेला मशीन न थांबता चाललं. अप्पांच्या पायांवरची सूज उतरली. तिने त्यांच्याकडून शपथ घ्यायचा प्रयत्न केला. अप्पा म्हणाले, “शपथ कशाला? बघू की.” त्या ‘बघू’ने तिची झोप उडाली. नाव घेतलं जात होतं तोवर अप्पा पुन्हा काहीतरी करणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून ती सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सेक्रेटरी चिप्पाअण्णांच्या टेबलावर हात आपटून उभी राहिली.

“ते नाव घेणं बंद करा.”

“मॅडम, माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं,” चिप्पाअण्णा म्हणाले. माणूस भला होता, फक्त कुणाशी वाकडं घ्यायचं नाही हे त्याचं आयुष्याचं धोरण. “करारात आहे ते. कारण सांगावंच लागतं. पण एक होऊ शकतंय. वैद्यकीय सवलत. अप्पांचं मशीन समदाबला जोडायचं. मग तुम्हाला पाणी आधी मिळणार, आणि नाव येणार नाही. गुप्तता आहे त्याला.”

“नाव अजिबात येणार नाही?”

“नाव नाही. मी विचारलंय.”

“मग एवढे दिवस सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही कुठं विचारलंत?”

मोबाईलवर पानंच्या पानं अटी आल्या. तिने रागाच्या भरात बोट सरकवत त्या संपवल्या आणि शेवटी अंगठा टेकवला. वर्गात पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून कानीकपाळी ओरडणारी बाई स्वतः एक ओळ न वाचता मोकळी झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने अप्पांना खाली बाकड्यावर नेलं. ते नको नको म्हणत होते. “आता नाव येत नाही, अप्पा. लढून आलेय मी,” ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकून त्यांना एकेक पायरी उतरवत घेऊन गेली. खाली नेहमीची मंडळी होती. चिप्पाअण्णांनी उठून जागा दिली. पुष्पाक्काने भाजलेल्या शेंगा पुढे केल्या. अप्पांना शेंगा चालत नव्हत्या, तरी त्यांनी एक हातात घेतली आणि सोलत बसले. कुणीतरी जुन्या गिरणीच्या भोंग्याची आठवण काढली. अप्पा हसले. अक्षताला महिन्याभरात पहिल्यांदा राग आला नव्हता.

तेव्हा वर आरओची टाकी दुसऱ्या दिवसासाठी भरायला लागली असावी, कारण सगळ्यांचे मोबाईल एकदम बोलले.

‘आपला दाब कमी झाला आहे. कारण: वैद्यकीय सवलत, एक रुग्ण. रुग्णाच्या तपासण्यांनुसार दाब कायमचा पूर्ववत होण्याची अपेक्षित मुदत: चौदा महिने. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

अर्थ लागायला क्षणभर वेळ गेला. अप्पांच्या रक्तातलं सगळं काही आता समदाबला कळत होतं. अशा हजारो रुग्णांची माहिती त्याच्यापाशी होती. त्यातून असा रुग्ण अजून किती जगतो याची सरासरी काढणं संगणकाला काय अवघड? कुणी दुष्टपणाने केलं असेल असंही नाही. त्रास किती दिवस आहे ते कळलं की लोक धीर धरतात, एवढंच कंपनीतल्या कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं असणार.

कुणी कुणाकडे पाहीना. मग पुष्पाक्काने, जिच्या पोटात खरंच माया होती तिने, अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“चौदा महिने ना, मामा? काढू की. त्यात काय? आम्ही कसंबी काढू.”

“होय, होय,” चिप्पाअण्णा घाईने म्हणाले. “मुदत कळलेली बरी असती.”

अक्षताने चिप्पाअण्णांच्या हातातला मोबाईल हिसकावला आणि तो फरशीवर आपटायला हात उगारला.

“थांब,” अप्पा म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. बाकाला धरून, स्वतःच्या स्वतः. चेहरा लाल झाला होता, मानेची शीर फुगली होती. अक्षताने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“चौदा?” अप्पांनी विचारलं. मग दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. खिडकीत कुणीतरी डोकावलं. “चौदा कोण म्हणतंय? कोण हाय ती बाई? मला बघितलंय काय तिनं? सांधे दुखायचे, ताप यायचा, तरी मागावरची एक पाळी चुकवली नाही मी आयुष्यात. आणि ही मला मुदत सांगणार? समद्यांदेखत?”

“अप्पा, बसा. त्रास होईल,” अक्षता म्हणाली.

“होऊ दे! अक्षू, मशीन उद्या हाय ना? पुरं लाव. मिनिटभर कमी चाललेलं मला चालायचं नाही.” ते पुष्पाक्काकडे वळले, चिप्पाअण्णांकडे वळले, आणि कुणालाही न सोडता सगळ्यांकडे बोट फिरवून म्हणाले, “आणि तुम्ही ऐका. पंधराव्या महिन्यात मी हितंच बसणार हाय. ह्याच बाकड्यावर. तुमच्या आंघोळीचं तुम्ही बघा!”